अँटीव्हायरस 'बंद' केला तरी सिंकथिंग अडकतंच, आणि एक फाइल चारही मशीनवरून गायब!

कानामात्रा

आमचा तिघांचा छोटा गट अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करतो. एक सर वाचतात, मी संपादन करते, मैत्रीण शेवटचं ऐकून चुका काढते. एकेक प्रकरण डब्ल्यूएव्हीमध्ये ४००-५०० एमबीचं. मेलने पाठवायचा प्रश्नच नाही, म्हणून तिघांकडे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर सिंकथिंग (ठरलेलं फोल्डर सगळ्या मशीनवर सारखं ठेवणारा प्रोग्राम) टाकलं. दीड वर्ष कुरकुर न करता चाललं.

गेले तीन आठवडे मात्र माझ्या विंडोज ११ च्या मशीनने छळ मांडलाय. फाइल शंभर टक्के उतरते आणि ऐन शेवटी अडकते. फोल्डरमध्ये ती 'टीएमपी' शेपटीची तात्पुरती फाइल तशीच पडून, आणि 'फेल्ड आयटम्स'मध्ये 'ॲक्सेस इज डिनाइड'. कधी दहा मिनिटांनी आपोआप सुटते, कधी सकाळपर्यंत नाही. शिवाय वेग पार मेला. एकाच राउटरवरच्या माझ्या लॅपटॉपला एक प्रकरण मिनिटाभरात जायचं. आता मी आंघोळ करून आले तरी चाललेलंच असतं. लॅपटॉपच्या नावापुढे हल्ली 'रिले' असं काहीतरी दिसतं.

आणि कहर म्हणजे प्रोजेक्ट फोल्डरमधली आवाजातली खरखर काढणाऱ्या प्लगिनची डीएलएल फाइल परवा चारही मशीनवरून गायब. सरांना फोन करून विचारलं, "तुमच्याकडून चुकून डिलीट झाली का?" सर नाही म्हणाले. मी दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हापासून ते माझ्याशी जरा मोजकंच बोलताहेत.

सिंकथिंग काढून परत टाकलं. अँटीव्हायरस (पैसे भरून घेतलेला, फायरवॉलसकट पूर्ण संच) 'रीस्टार्ट होईपर्यंत बंद' ठेवून पाहिला. फरक शून्य. म्हणजे अँटीव्हायरस निर्दोष, असं मी धरून चालले आहे. बरोबर ना?

जुनापुराणा

उडवा तो संच. विंडोजचा आपला डिफेंडर पुरतो. पूर्वी हीच रडगाणी वेगळ्या कारणाने असायची. २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि अर्धवट जुळलेल्या जोडण्या एका वेळी १० पेक्षा जास्त नाहीत अशी वेसण घातली. इव्हेंट लॉगमध्ये ४२२६ क्रमांकाच्या इशाऱ्यांचा पाऊस. मग लोक विंडोजची नेटवर्क सांभाळणारी टीसीपीआयपी डॉट सिस फाइलच पॅच करायचे, आणि तो पॅच अँटीव्हायरस पकडून न्यायचा. हसावं की रडावं!

रात्रपाळी

@कानामात्रा, बरोबर नाही. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोठी गफलत त्या 'बंद' शब्दात आहे.

संच 'बंद' केलात की तो तपासणी थांबवतो, पण त्याचे ड्रायव्हर (विंडोजच्या पोटात चालणारे त्याचे भाग) मेमरीत बसून राहतात. एक ड्रायव्हर फाइल सिस्टिमवर बसतो आणि मशीनवर उघडणारी, मिटणारी, नाव बदलणारी प्रत्येक फाइल त्याच्या नजरेखालून जाते. दुसरा नेटवर्कवर. फायरवॉलचा खटका तर बहुतेक संचांत वेगळाच असतो. तो तुम्ही दाबला नसणार.

सिंकथिंग फाइल तुकड्यातुकड्यांनी त्या तात्पुरत्या फाइलमध्ये जमवतं, प्रत्येक तुकडा एसएचए-२५६ ने (आकड्यांच्या ठशाने) पडताळतं, आणि सगळं जुळलं की नाव बदलून खरं नाव देतं. तुमचं घोडं या नाव बदलण्यापाशीच अडतंय. त्याच घडीला दुसऱ्या कुणी ती फाइल उघडून धरली असली, की विंडोज बहुधा नाव बदलू देत नाही. मोठी नवी फाइल दिसली की ती उघडून तपासणं हा स्कॅनरचा धर्मच. ५०० एमबीच्या फाइलला वेळ लागतो, म्हणून तुमच्याकडे ते कधी सुटतं, कधी नाही. पण रात्रभर म्हणजे जरा अतीच. तिथे मला दुसरा वास येतोय.

कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि 'एफएलटीएमसी' ही पाच इंग्रजी अक्षरं टाइप करा. फाइल सिस्टिमवर बसलेल्या ड्रायव्हरांची यादी येईल. 'आल्टिट्यूड'च्या रकान्यात ३२०००० ते ३२९९९८ मधले आकडे शोधा. ती अँटीव्हायरसवाल्यांची राखीव आळी आहे. किती ओळी आहेत ते सांगा.

गायब फाइलचं: तुमच्या संचाचं 'क्वारंटाइन' (संशयित फाइली उचलून डांबायची जागा) उघडा. मला तरी सर निर्दोष वाटतात.

कानामात्रा

बसले आहे डोक्याला हात लावून.

यादीत त्या आळीत दोन ओळी. एक ३२ ने सुरू होणारी, नावावरून सरळ कळतंय की माझ्या संचाचीच. दुसरी, तीही ३२नेच सुरू होणारी, ती मशीनसोबत आलेल्या चाचणी आवृत्तीची!! तो अँटीव्हायरस मी दोन वर्षांपूर्वी 'अनइन्स्टॉल' केला होता. कंट्रोल पॅनेलमध्ये त्याचं नावनिशाण नाही.

आणि डीएलएल क्वारंटाइनमध्ये. तारीख-वेळ पाहिली, मंगळवारी रात्री ११.४०. त्या वेळी मी मशीनवर नव्हतेच. पण माझ्याकडून उचलली तर सरांकडून, मैत्रिणीकडून का गेली?

रात्रपाळी

कारण सिंकथिंगला 'अँटीव्हायरसने उचलली' आणि 'बाईंनी डिलीट केली' यातला फरक कळत नाही. फाइल होती, आता नाही, म्हणजे पुसली. ती बातमी त्याने इमानेइतबारे बाकी तिघांना पोचवली आणि त्यांनी हुकूम पाळला. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे तुम्हाला पुन्हा सांगत नाही. बाकीच्या तीन मशीनवर त्या फोल्डरच्या सेटिंगमध्ये 'फाइल व्हर्जनिंग' चालू करा, साधं 'ट्रॅश कॅन' पुरे. मग दुसऱ्या मशीनकडून आलेल्या हुकमाने पुसलेली फाइल आधी बाजूला ठेवली जाईल. हे व्हर्जनिंग बाहेरून आलेल्या बदलांनाच लागतं. तुमच्या मशीनवर चालू करून तुमच्याच अँटीव्हायरसने उचललेलं वाचणार नाही.

आता जुनं भूत. 'अनइन्स्टॉल'मध्ये ड्रायव्हर कधी कधी मागे राहतो. दोन पहारेकरी एकाच दारावर: एकाने तपासायला फाइल उघडली की दुसऱ्याला वाटतं कुणीतरी उघडली, आपणही बघू. तुमचा 'रात्रभर' तिथून आला असावा. ड्रायव्हरची फाइल हाताने पुसू नका, मशीन कदाचित चालूच व्हायचं नाही. ज्या कंपनीचा तो आहे तिच्या संकेतस्थळावर साफ काढायचं वेगळं टूल असतं. ते सेफ मोडमध्ये चालवा.

मग नव्या संचात सूट द्या, पण फोल्डरला नको, प्रोसेसला (म्हणजे चालू असलेल्या सिंकथिंग प्रोग्रामला) द्या. लोक इथेच घाई करतात. फोल्डरला सूट म्हणजे बाहेरून फाइली जिथे येतात नेमकी तीच खोली पहाऱ्याबाहेर. प्रोसेसला सूट दिली तर सिंकथिंग लिहीत असताना स्कॅनर आड येत नाही, पण तीच फाइल तुम्ही संपादकात उघडलीत की तपासली जाते. खात्री करायची तर ६८ बाइटांची आयकार चाचणी-फाइल (निरुपद्रवी, पण अँटीव्हायरसने पकडावी म्हणूनच बनवलेली) दुसऱ्या मशीनवरून त्या फोल्डरमध्ये येऊ द्या आणि इकडे उघडायला जा. बोंब उठली म्हणजे पहारा जागा. (सिंक थांबवून पुसा, नाहीतर ती चौघांकडे फिरत बसेल. मी हे अनुभवाने सांगतोय.)

रिलेचं: थेट जोडणी जमली नाही की सिंकथिंग बाहेरच्या रिले सर्व्हरमार्फत वळसा घेतं. मजकूर कूटबद्धच असतो, भीती नाही, फक्त गती जाते. संचाच्या फायरवॉलमध्ये हे पोर्ट, म्हणजे टीसीपी व यूडीपी २२००० आणि यूडीपी २१०२७ (एकाच नेटवर्कमध्ये एकमेकांना शोधायला) आत येऊ देताहेत का पाहा. घरचं नेटवर्क 'पब्लिक', म्हणजे परकं, धरलंय का तेही.

सीडर

माझा टॉरंटचा अनुभव जोडतो, कारण लक्षण वेगळं होतं. लिनक्सच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या फाइली) सीड करतो, म्हणजे इतरांना उतरवायला देत राहतो. (हो, खरंच लिनक्सच्या.) रात्री लावून झोपलो की पहाटे नेटच मेलेलं, ब्राउझरही उघडेना, रीस्टार्ट केलं की ठणठणीत. राउटर बदलला, केबल बदलली. शेवटी टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी'खाली 'नॉन-पेज्ड पूल' (कर्नलने, म्हणजे विंडोजच्या गाभ्याने, धरून ठेवलेली मेमरी) पाहिला: रात्री ३५० एमबी, पहाटे ३ जीबीच्या वर. संचाचा वेब-तपासणीचा भाग प्रत्येक जोडणीमागे थोडी कर्नल मेमरी धरायचा आणि सोडायचा नाही. ब्राउझरच्या वीस-तीस जोडण्यांत ते कळतही नाही, टॉरंटच्या पाचशेत कळतं. तो एक भाग काढला, जोडण्या १५० वर आणल्या, महिनाभर मशीन बंद केलेलं नाही.

जुनापुराणा

म्हणून म्हटलं, उडवा.

कानामात्रा

आठवड्याने लिहितेय. टूल सेफ मोडमध्ये चालवलं, यादीतली दुसरी ओळ गेली. अडकणं त्याच दिवशी नव्वद टक्के थांबलं, प्रोसेसला सूट दिल्यावर उरलेलंही.

फायरवॉलमध्ये मात्र गंमत सापडली. सिंकथिंगला परवानगी होती, दीड वर्षापूर्वी मीच दिलेली. पण खाली त्याच नावाची आणखी एक नोंद, तांबडी: 'ब्लॉक'. तीन आठवड्यांपूर्वीची. सिंकथिंगने स्वतःला अपडेट केलं, एक्सई बदलली, संचाच्या लेखी तो नवा अनोळखी प्रोग्राम झाला. त्याने मला विचारलं असणार, मी हेडफोन लावून कापाकापी करत असणार, आणि प्रश्न न वाचता ती चौकट बंद केली असणार. म्हणजे गुन्हेगारांत मीही. नोंद काढली, 'रिले' जाऊन 'टीसीपी लॅन', म्हणजे घरातल्या घरात थेट जोडणी, आलं.

@जुनापुराणा, वर्गणी मार्चपर्यंत भरलेली आहे हो.

सरांना फोन करून सगळं सांगितलं, पहारेकऱ्यांसकट. शांतपणे ऐकून म्हणाले, "अहो, पण मी तेव्हाच सांगितलं होतं ना, मी फक्त वाचतो."