प्रतिसाद: तीन तासांची कॅसेट एका डीव्हीडीत?

२००३ च्या सिंहस्थाची तीन तासांची व्हीएचएस एका डीव्हीडीत बसवायची, असं वर विचारलंय. बसेल, पण बसवू नका. ४.७ जीबीत तीन तास म्हणजे आवाज धरून जेमतेम ३.४ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट डेटा). रामकुंडावरची गर्दी आणि हलतं पाणी एवढ्यात चौकोनी ठिपक्यांनी फुटतं. दीड-दीड तासाच्या दोन डिस्क करा: चित्राला ६२०० केबीपीएस (म्हणजे ६.२ एमबीपीएस), आवाजाला २५६, आकार ७२० बाय ५७६ ठिपके, पाल (आपल्याकडची टीव्ही-व्हिडिओ पद्धत).

आधी कॅसेटची खिडकी उजेडात बघा. नाशिकच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या टेपवर पांढरी बुरशी धरते; ती तशीच लावली तर व्हीसीआरचं हेडही (टेप वाचणारा भाग) खराब होतं. टेप स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, मग रेकॉर्डिंग.

संगणकावर घेताना आवाज चित्राच्या हळूहळू मागे-पुढे सरकतो तो बहुधा गळालेल्या फ्रेममुळे (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र). स्वस्त यूएसबी कॅप्चरमध्ये (व्हीसीआर संगणकाला जोडायचं उपकरण) हे बरेचदा होतं. यूएसबी हब टाळा, बाकीचे प्रोग्रॅम बंद ठेवा.

थेट डीव्हीडी रेकॉर्डरवर घेत असाल तर शेवटी फायनलाइज (इतर प्लेअरना वाचता येईल अशी डिस्क पक्की बंद करणं) करायलाच हवं, नाहीतर दुसऱ्या प्लेअरवर डिस्क बहुधा चालत नाही. ते चालू असताना वीज गेली तर डिस्क बाद होऊ शकते, म्हणून यूपीएस लावा. मूळ कॅसेट पुसू नका हो!