इन्किलाब, सौरा आणि निजाम: अरब उठावांतले आपल्या ओळखीचे शब्द

प्रश्न: इजिप्तवर वाचत होतो, २०१३ मध्ये लोक 'हा इन्किलाब आहे' असं म्हणून निषेध करत होते म्हणे. इन्किलाब म्हणजे क्रांती ना, मग निषेध कसला? अरबी येणाऱ्यांनी सांगा प्लीज.

- आपल्याकडे क्रांतीच. हसरत मोहानींनी 'इन्किलाब झिंदाबाद' दिलं, भगतसिंगांनी ते घराघरात पोचवलं. पण आजच्या अरबीत इन्किलाब म्हणजे लष्कराने सत्ता बळकावणं. मूळ अर्थ उलटणं, पालथं होणं, आपण 'सरकार उलथवलं' म्हणतो ना, तसंच. क्रांतीला त्यांचा शब्द सौरा. खवळणं, उसळणं यातून आलाय, धूळ उठते त्यालाही तेच क्रियापद. ३ जुलै २०१३ ला लष्कराने राष्ट्राध्यक्ष मोर्सींना हटवलं तेव्हा त्यांचे समर्थक म्हणत होते इन्किलाब आणि लष्कराच्या बाजूचे म्हणत होते नाही, ही सौरा, म्हणजे लोकांनी केलं की रणगाड्यांनी केलं हे सगळं भांडण त्या एका शब्दात. मला मराठीत 'उठाव' सगळ्यात जवळचा वाटतो. 'बंड' अजिबात नको, तो राज्यकर्त्यांच्या तोंडचा शब्द, १८५७ च्या वेळी आपण हे भोगलंय.

- सौरा म्हणजे लोकांनी केलेलं, हे इतकं सरळ नाहीये पण. लिबियात १९६९ ला गद्दाफीने लष्करातले काही तरुण अधिकारी हाताशी धरून राजाला हटवलं आणि त्यालाच सौरा म्हणत ४२ वर्षं राज्य केलं. २०११ ला तिथल्याच बेनगाझी शहरातले लोक उठले तेव्हा त्यांनी हाच शब्द त्याच्याकडून काढून घेतला, स्वतःला सुव्वार म्हणजे सौरा करणारे म्हणायला लागले. हे मला फार मोठं वाटतं.

- निजामबद्दल कुणीच बोललं नाही! ट्युनिशियात सुरू झालेली घोषणा, 'अश्शअब युरीद इस्कात अन्निजाम', जनतेला निजाम पाडायचाय. फेब्रुवारी २०११ ला टीव्हीवर कैरोचा तहरीर चौक दाखवत होते, माझी आजी परभणीची, स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "काय म्हणायलेत रे हे, निजाम?" तिचं बालपण हैदराबादच्या निजामाच्या राज्यात, रझाकारांच्या भीतीत गेलेलं. मी सांगितलं की अरबीत निजाम म्हणजे व्यवस्था, आणि आपला निजाम-उल-मुल्क म्हणजे मुलखाची व्यवस्था लावणारा. पण घोषणेत 'व्यवस्था' फारच मिळमिळीत होतं, तिथे 'राजवट'च हवं.

आणि इस्कात म्हणजे पाडणं, त्याचंच साधं रूप सकत, पडला. आपलं पाडणं-पडणं आहे अगदी तसं. २०११ ला सीरियात दरआ शहरातल्या पोरांनी शाळेच्या भिंतीवर तीच इस्कातवाली घोषणा लिहिली, पोरांना उचलून नेऊन मारहाण केली, तिथून सगळं पेटलं. ८ डिसेंबर २०२४ ला सीरियाचा राष्ट्राध्यक्ष असद पळाला तेव्हा दमास्कसमध्ये लोक रडत, मिठ्या मारत दोनच शब्द बोलत होते, 'सकत अन्निजाम'.