शुद्ध भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी, की मधली एखादी वाट?

शोधार्थी :
भौतिकशास्त्राच्या पदवीचं दुसरं वर्ष संपत आलंय. शाखा बदलायची असेल तर आताच, नंतर जमणार नाही. समोर तीन वाटा आहेत. एक म्हणजे भौतिकशास्त्रातच राहून पीएचडीपर्यंत जाणं. दुसरी, इलेक्ट्रिकल अभियांत्रिकीत बदली. गणित आणि विद्युतचुंबकत्वाचे बरेच विषय तिकडे धरले जातील असं कळलंय. तिसरी, ही पदवी पूर्ण करायची आणि पदव्युत्तरला ऑप्टिक्स, मेडिकल फिजिक्स किंवा सरळ डेटा सायन्स घ्यायचं.

विषय मनापासून आवडतो. मॅक्सवेलच्या समीकरणांतून प्रकाशाचा वेग कसा निघतो हे स्वतः कागदावर काढून पाहिल्यापासून दुसऱ्या कशात मन रमलेलं नाही. पण प्रयोगशाळेत सर्किट जोडून ऑसिलोस्कोपवरचा सिग्नल स्वच्छ करत बसायलाही तितकंच आवडतं. 'हे शिकून पुढे काय करणार?' असं कोणी विचारलं की मात्र सांगता येत नाही. तुमच्यापैकी जे या वाटांनी गेले आहेत त्यांनी स्पष्ट बोलावं.

ध्रुवक :
अभियांत्रिकी घे. नोकरीच्या अर्जांना पहिली चाळणी लागते ती पदवीच्या नावाची. तुला काय येतं हे मुलाखतीत कळतं, पण मुलाखतीपर्यंत पोचायला हवं ना. शिवाय अभियंत्याला पुढे भौतिकशास्त्राची दारं बंद नसतात. जॉन बार्डीन यांच्या पहिल्या दोन्ही पदव्या, १९२८ आणि १९२९ च्या, इलेक्ट्रिकल अभियांत्रिकीच्या. मग काही वर्षं तेल कंपनीत भूभौतिकीचं काम, आणि त्यानंतर प्रिन्स्टनला पीएचडी. भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळवणारा हा एकमेव माणूस. क्वांटम मेकॅनिक्सचा पाया घालणाऱ्यांतले पॉल डिरॅकसुद्धा आधी इलेक्ट्रिकल अभियंताच होते. पोटापाण्याची सोय आधी कर, आवड कुठे पळून जात नाही.

लोलक :
ध्रुवक, डिरॅकचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. १९२१ साली त्यांच्या हातात अभियांत्रिकीची पदवी होती आणि युद्धानंतरच्या मंदीत नोकरी मिळत नव्हती, म्हणून ते पुन्हा गणित शिकायला बसले. तिथून केंब्रिज, आणि १९३३ ला नोबेल. म्हणजे 'नोकरीची पदवी'सुद्धा बाजार पडला की हमी देत नाही.

'आवड नंतर जोपासता येते' हेही मला पटत नाही. भौतिकशास्त्र पायरीपायरीनेच चढावं लागतं. लाग्रांजियन यामिकी पक्की नसेल तर क्वांटम मेकॅनिक्स नुसतं सूत्रं वापरण्यापुरतं येतं, आणि त्या दोन्हींशिवाय सांख्यिकीय यामिकीचा गाभा हाती लागत नाही. नोकरी करून संध्याकाळी व्याख्यानं ऐकता येतील, पण शेकडो गणितं सोडवून, कोणाकडून तरी तपासून घेऊन जी पकड येते ती याच वयात, पूर्ण वेळ दिला तरच येते. आवडणारा विषय हातात असताना तो सोडू नकोस.

ध्रुवक :
लोलक, मग पीएचडीचा हिशेबही मांडू या. एक प्राध्यापक आपल्या सगळ्या कारकिर्दीत अनेक विद्यार्थ्यांना पीएचडी देतो. पदांची संख्या साधारण तेवढीच राहिली तर त्याच्या जागी त्यांतला एकच जण बसणार. बाकीच्यांचं काय? दोन-तीन वर्षांच्या कराराचा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधक नोकरी, मग दुसऱ्या शहरात आणखी एक, आणि वय वाढतच असतं. हे कोणाच्या नालायकीमुळे होत नाही, गणितच तसं आहे. विशीतल्या मुलीला हे आधी सांगायलाच हवं.

निर्वात :
हिशेब बरोबर आहे, पण त्यात पीएचडीचा एकच उपयोग धरलाय. मी प्रायोगिक भौतिकशास्त्रात पीएचडी केली आणि आज उद्योगात काम करतो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

मुळात 'भौतिकशास्त्र की अभियांत्रिकी' या प्रश्नापेक्षा 'सैद्धांतिक की प्रायोगिक' हा प्रश्न तुझ्या आयुष्यात जास्त फरक पाडेल. स्ट्रिंग थिअरीसारख्या निव्वळ सैद्धांतिक विषयात पीएचडी केलेला आणि लेझरवर पीएचडी केलेला, दोघांच्या प्रमाणपत्रावर विषय एकच असतो. बाहेर पडल्यावर पहिल्याला नव्याने काहीतरी शिकून मगच वाट काढावी लागते. दुसऱ्याच्या हाताला मात्र निर्वात पंप, अतिशीत तापमान राखणारा क्रायोस्टॅट, क्षीण सिग्नल मोजणारा लॉक-इन ॲम्प्लिफायर या सगळ्याची सवय झालेली असते. गोंगाटात पूर्ण बुडालेला सिग्नल ठरावीक वारंवारितेवर पकडून बाहेर काढणं ज्याला जमतं, त्याला काम मिळतं.

आज सर्वांत बारीक चिप्स बनवायला १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. तो मिळवायला वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर, दर सेकंदाला सुमारे ५०,००० थेंबांवर, लेझर मारून प्लाझ्मा करतात. हा प्रकाश हवाही शोषते आणि काचही, म्हणून सगळा मार्ग निर्वातात ठेवावा लागतो आणि भिंगांऐवजी अनेक थरांचे आरसे वापरावे लागतात. आता सांगा, हे भौतिकशास्त्र की अभियांत्रिकी? तिथे दोन्हीकडची माणसं शेजारी बसून काम करतात.

एक महत्त्वाची गोष्ट विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही. 'भौतिकशास्त्रज्ञ हवा आहे' अशी जाहिरात फार क्वचित येते. ऑप्टिकल इंजिनिअर, प्रोसेस इंजिनिअर, डिटेक्टर सायंटिस्ट, सिस्टिम्स इंजिनिअर या नावांनी शोध. अपेक्षित कौशल्यं वाचली की त्यांतली निम्मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवली जातात हे लक्षात येईल.

आणि मधली वाट म्हणजे तडजोड, असं अजिबात समजू नकोस. डॉना स्ट्रिकलंड यांची पहिली पदवी 'इंजिनिअरिंग फिजिक्स'ची. लेझरचा स्पंद आधी ताणायचा, मग वर्धित करायचा आणि शेवटी पुन्हा आखडायचा, हे तंत्र त्यांनी पीएचडीच्या काळात आपले मार्गदर्शक जेरार मुरू यांच्याबरोबर १९८५ ला प्रसिद्ध केलं. त्याला २०१८ चं नोबेल मिळालं.

सिग्मा५ :
डेटा सायन्सबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. कण-भौतिकीतून बाहेर पडून मी त्यात आले. मोंते कार्लो (यादृच्छिक आकडे वापरून संगणकावर अंदाज काढण्याची पद्धत), त्रुटींचं विश्लेषण, मोठ्या डेटावर कोड लिहिणं हे सगळं तिथेच शिकले. २०१२ ला हिग्ज बोसॉन सापडल्याचं जाहीर करताना ५ सिग्माची अट होती. म्हणजे कण नसताना नुसत्या योगायोगाने इतका मोठा उठाव दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. इतकी शिस्त अंगी बाणली की 'हा आकडा खरंच काही सांगतो का?' असं विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. कंपन्यांना अशी माणसं हवी असतात.

ध्रुवक :
मग संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्रच का घेऊ नये? कोड लिहायला शिकण्यासाठी कण-भौतिकीतून जाणं हा द्राविडी प्राणायाम झाला.

सिग्मा५ :
केवळ कोडच लिहायचा असेल तर तुमचं बरोबर आहे, तिने सरळ तिकडे जावं. मी हेच सांगतेय की भौतिकशास्त्र केल्याने ते दार बंद होत नाही. फक्त पदवीच्या काळातच पायथन आणि संख्याशास्त्राचा एखादा पेपर नीट करून ठेव. ते आपोआप येईल या भरवशावर राहू नकोस.

मात्रा :
मी रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे. रोज रुग्ण येण्याआधी लिनिअर ॲक्सिलरेटरची, म्हणजे कर्करोगावर किरणोपचार देणाऱ्या यंत्राची, तपासणी होते. किरणांची मात्रा नेहमीच्या मापापासून साधारण ३ टक्क्यांपेक्षा जास्त हलली असेल तर कारण सापडेपर्यंत उपचार सुरू होत नाहीत. मग प्रत्येक रुग्णाच्या आराखड्याची पडताळणी : गाठीला किती किरणं पोचतात आणि शेजारच्या मणक्याला किती. इथे भौतिकशास्त्राची चूक थेट माणसाच्या शरीरावर उमटते. ही जबाबदारी मला मोलाची वाटते. सीटी स्कॅनसाठी १९७९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालेल्या दोघांपैकी कॉरमॅक भौतिकशास्त्रज्ञ होते आणि हाउन्सफील्ड अभियंते, म्हणजे या क्षेत्रात दोन्ही वाटा पहिल्यापासून एकत्र आहेत.

पण एक खबरदारी घे. हा परवान्याचा व्यवसाय आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि त्यानंतर रुग्णालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण याशिवाय स्वतंत्रपणे काम करता येत नाही. प्रशिक्षणाच्या जागा मोजक्या असतात. प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांना पुढे अशा जागा मिळतात का, हे विचार.

लोलक :
चर्चा फारच उपयुक्ततेकडे झुकली आहे. गुरुत्वीय लहरींचं, म्हणजे अवकाश-काळातच उठणाऱ्या तरंगांचं, भाकीत आइन्स्टाइनने १९१६ मध्ये केलं आणि त्या पहिल्यांदा पकडल्या गेल्या १४ सप्टेंबर २०१५ ला. मधल्या काळात कित्येकांनी त्याच विषयावर आयुष्य घालवलं, एकही लहर न बघता. त्यांनी जाहिराती बघून विषय निवडले असते तर?

निर्वात :
लोलक, त्या लोकांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण त्या लहरी पकडणाऱ्या उपकरणाच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांमधला प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही लहान बदल मोजणारे ते लोक लेझर स्थिर करायला आणि जमिनीचे हादरे अडवायला शिकले होते. त्यांच्यातल्या ज्या विद्यार्थ्यांना संशोधनात जागा मिळाली नाही, त्यांच्याकडे ते कौशल्य राहिलंच. म्हणून मी प्रायोगिक बाजूचा आग्रह धरतोय.

शोधार्थी :
सगळ्यांचे मनापासून आभार. सध्या तरी बदली न घेता भौतिकशास्त्रातच राहावं, ऐच्छिक विषयांत इलेक्ट्रॉनिक्स आणि सिग्नल प्रोसेसिंग घ्यावं, आणि पीएचडीचा निर्णय पदव्युत्तरच्या वेळी करावा असं वाटतंय. अडतंय ते तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पापाशी. सामान्य सापेक्षतेवर काम देणारे एक सर आहेत आणि ऑप्टिक्सच्या प्रयोगशाळेत एक जागा आहे. दोन्ही हवंसं वाटतं.

लोलक :
सापेक्षता. ती शिकवणारा माणूस समोर असण्याची संधी पुन्हा येईलच असं नाही.

निर्वात :
ऑप्टिक्स. सापेक्षतेचा विषय ऐच्छिक म्हणून घे, प्रकल्प मात्र प्रयोगशाळेतच कर. होकार देण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना भेट. मागच्या काही वर्षांत तिथून बाहेर पडलेले कुठे आहेत, आणि उपकरण बिघडलं तर ते विद्यार्थ्यांना उघडू देतात की बाहेरून माणूस बोलावतात, हे विचार. उघडू देत नसतील तर दुसरी प्रयोगशाळा बघ.

ध्रुवक :
माझं मत बदललेलं नाही, पण तुझ्या बेतात इलेक्ट्रॉनिक्स आहे हे बरं झालं. अभियांत्रिकी विभागात कोणते विषय धरले जातील ते मुदतीआधी लेखी मागून घे. पुढे पदव्युत्तरला तिकडे जावंसं वाटलं तर तोच कागद उपयोगी पडेल.