'बाउन्स बफर'ला मराठीत काय म्हणावं?

रत्नागिरी: लिनक्सच्या नेटवर्क ड्रायव्हरवर (नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामवर) मराठीत टिपण लिहितोय, पण 'बाउन्स बफर'पाशी अडलोय. ३२ बिटी पत्ते कळणाऱ्या कार्डाला मेमरीचे पहिले ४ जीबीच दिसतात, जुन्या आयसा (ISA) प्रकारच्या कार्डांना तर २४ बिटांत जेमतेम १६ एमबी. पॅकेट (नेटवर्कवरचा माहितीचा तुकडा) त्याच्या वर असलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, खालच्या भागात नक्कल करून कार्डाला ती दाखवतो; ती खालची जागा म्हणजे बाउन्स बफर. 'उसळी बफर' म्हणावं, तर यात उसळतं काहीच नाही. उगाच मटकी आठवते.

हर्णै: पडाव म्हणा! आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, उतारू नि सामान पडावातून किनाऱ्याला. आमच्या बंदरात मासळी बोटीतून होडीत, होडीतून गुडघाभर पाण्यात उभ्या बैलगाडीत चढताना मी पाहिली आहे. मोठी बोट जिथे पोचत नाही तिथला मधला हात, तेच हे. आणि जातानाही तसंच: पाठवायचं पॅकेट आधी खाली उतरवायचं, आलेलं मागाहून वर चढवायचं.

मालवण: शब्द गोड आहे, पण हल्लीच्या पोरांना 'पडाव' म्हटलं की हिंदीतला मुक्काम आठवतो. 'पडाव बफर' असं जोडून लिहा नि पहिल्यांदा आगबोटीचं एक वाक्य घाला.

रत्नागिरी: पटलं. 'डीएमए मास्क'ला काय? कार्ड स्वतःच मेमरी वाचतं-लिहितं ते डीएमए, आणि ते किती बिटांच्या पत्त्यापर्यंत पोचतं ते सांगणारा हा मास्क. 'मुखवटा' नको.

हर्णै: पल्ला. कार्डाचा पल्ला ३२ बिटी. ब्रॉडकॉमच्या जुन्या ४४०१ कार्डाचा तर ३० बिटीच, म्हणजे १ जीबी. ड्रायव्हरने सुरुवातीलाच कर्नलला पल्ला सांगायचा असतो.

मालवण: पडावामुळे एक खोड मात्र चांगली समजावता येते. मी एकदा आलेलं पॅकेट वाचण्याआधी 'सिंक' करायला, म्हणजे पडावातला माल वर उतरवून घ्यायला, विसरलो. माझ्या २ जीबीच्या मशीनवर सगळं सुरळीत, कारण पडाव लागतच नव्हता. १६ जीबीवर मात्र पॅकेटात जुनाच कचरा. माल अजून पडावात, आणि मी धक्क्यावर मोजायला बसलेलो! दोन रात्री गेल्या त्यात.

हर्णै: पडावांचा ताफाही मोजकाच असतो, कर्नलचा नेहमीचा साठा ६४ एमबी. तो भरला की मॅपिंग, म्हणजे पॅकेटसाठी कार्डाला पत्ता मिळवणं, फसतं. ती चूक तपासली नाही, तर कार्डाला भलताच पत्ता जातो.

रत्नागिरी: आणि आयओएमएमयू, म्हणजे कार्डाचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर, असेल तर?

मालवण: मग बहुधा पडाव नकोच. कार्डाला खालचा पत्ता दाखवून आतल्या तक्त्यात तो वरच्या जागेशी जोडतात, माल जागचा हलत नाही. त्याला शब्द नंतर शोधू.

रत्नागिरी: बरं, क्रियापद? 'पडावणे'?

हर्णै: अहो नको! 'पडावातून नेणे' म्हणा.