मदत हवी आहे: पावसात जोत्याला तांबड्या मुंग्या, स्प्रे मारला की जागा बदलतात

प्रश्न: तळकोकण, जांभ्याचं घर. जुलैपासून जोत्यालगत आणि तुळशीवृंदावनाच्या पायाशी भुसभुशीत माती वर येते, तिला पाच-सहा भोकं. एकाच रांगेत बारीक मुंग्या आणि मोठ्या चौकोनी डोक्याच्याही. चावलं की निखारा लागल्यासारखी आग. स्प्रे मारला की दोन दिवस शांत, मग चार फुटांवर नवी माती. पंपाच्या स्टार्टरच्या पेटीतही शिरल्यात. विहीर जवळ आहे, घरात मांजर आहे, त्यामुळे जमिनीत विष ओतायचं नाही. उपाय?

प्रतिसाद १: वर्णनावरून सोलेनोप्सिस जेमिनाटा, म्हणजे आपल्याकडची आगमुंगी. झाडावर पानं शिवून राहणारे हुमले वेगळे, त्यांना हात लावू नका, ते कीड खातात. जमिनीत पाणी भरलं की आगमुंग्या अंडी-पिल्लं घेऊन कोरड्या उंचवट्याकडे सरकतात, म्हणून जोतं आणि वृंदावन. स्प्रेने वरच्या कामकरी मुंग्या मरतात, राणी खाली सुखरूप राहते आणि बाकीचं बिऱ्हाड बाजूला हलतं. स्प्रे, खडू, रॉकेल, सगळं आधी थांबवा. त्याच्या वासाने मुंग्या आमिषालाही, म्हणजे विष मिसळलेल्या खाण्यालाही, शिवत नाहीत.

आमिष असं करा: अर्धा लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. पावडर मेडिकलमधून घ्या. कॅरमची पावडर दरवेळी बोरिकच असते असं नाही, डबा वाचा. प्रमाण वाढवायचा मोह होतो, पण १ टक्क्याच्या वर गेलात तर कामकरी वाटेतच मरतात आणि राणीपर्यंत काही पोचत नाही.

कापसाचा बोळा त्यात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा. वर करवंटी पालथी, कडेला बोटभर खाच, डोक्यावर दगड. पाऊस लागत नाही आणि मांजराचं तोंडही पोचत नाही. रांगेपासून वीतभर अंतरावर मांडा, भोकावर नको. दर दोन दिवसांनी बोळा बदला, साखर आंबली की मुंग्या फिरकत नाहीत. फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात.

प्रश्नकर्ता: चार दिवस झाले, साखरपाण्याकडे ढुंकून बघत नाहीत. तळलेला वेफर ठेवला तर वीस मिनिटांत काळा-तांबडा झाला.

प्रतिसाद २: आसपास जास्वंदीवर पांढरा कापसासारखा मिलीबग आहे का पाहा. त्याचा गोड चिकटा फुकट मिळत असताना तुमचं साखरपाणी कोण पिणार? लिटरभर पाण्यात चमचाभर साबणाचं द्रव घालून फांद्या धुवा, उघडीप असेल त्या दिवशी.

तोवर तेलकट आमिष द्या. ५० ग्रॅम शेंगदाण्याचं बारीक कूट, चमचाभर तेल, १ ग्रॅम बोरिक, नीट घोटून. पूर्ण वाढलेली मुंगी घन अन्न गिळत नाही, ती ते पिल्लांना भरवते. त्यामुळे इथे परिणाम आणखी हळू, पण पोचतो वारुळाच्या पोटातच. हेही करवंटीखालीच, ओलं झालं की टाकून द्या. वेफरची चाचणी मात्र चांगली केलीत. वेफरला मुंग्या लागत नसतील त्या वेळी आमिष मांडून उपयोग नसतो.

वृंदावनापासून दूर असलेल्या वारुळावर उकळतं पाणी चालेल. दहा-बारा लिटर, सकाळी ऊन पडल्यावर, कारण तेव्हा पिल्लं ऊब घ्यायला वर आणलेली असतात. आधी काठीने ढोसू नका, राणी खोल जाते. कडेने सुरू करून मध्यावर या. एकदा ओतून संपेलच असं नाही, तीन दिवसांनी परत बघा. वृंदावनाला मात्र हे नको, तुळस उकडेल.

स्टार्टरच्या पेटीत पाणी, स्प्रे काहीच नाही. मेन बंद करून वायरमनकडून कोरड्या ब्रशने झाडून घ्या. काँटॅक्टमध्ये चिरडलेल्या मुंग्या अडकल्या की पंप चालू होत नाही किंवा गुणगुणत राहतो. केबल शिरते ते भोक केबल ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारी कडी) लावून किंवा सिलिकॉनने बुजवा.

चावून अंगभर पित्त उठलं किंवा श्वास लागला तर घरगुती लेप लावत बसू नका, थेट दवाखाना.