मदत हवी आहे: आनुवंशिक हृदयविकार, ग्रुप काउन्सेलिंगला अख्खी भावकी न्यावी का?

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे निफाड तालुक्यातले, मी नोकरीमुळे नाशिकला इंदिरानगरात असतो. दादा (वय ४१) ऑक्टोबर छाटणीच्या वेळी बागेत चक्कर येऊन पडला. ऊन लागलं असेल म्हणून लिंबू सरबत पाजलं. दुसऱ्यांदा पडला तेव्हा नाशिकला आणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तर हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा २१ मिलीमीटर जाड. १५ च्या पुढे गेला की डॉक्टर हा आजार धरतात म्हणे. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. नाव तोंडात बसायलाच आठवडा गेला.

मग काउन्सेलर मॅडमनी कागदावर आमची वंशावळ काढली. पुरुष चौकोन, बाई गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. आमचे वडील ३९व्या वर्षी विहिरीवर मोटर चालू करताना गेले. घरात आजवर 'करंट बसला' असंच सांगतात. धाकटी आत्या लग्नानंतर वर्षभरात झोपेतच गेली, तिचा विषयच कुणी काढत नाही. तेही याच आजाराने गेले असतील का, म्हणून मॅडमनी दोघांपुढे प्रश्नचिन्ह घातलं आणि मला आईकडे बघवेना.

आधी दादाची जीन टेस्ट होणार. दोष सापडला तर बाकीच्यांची तेवढ्याच दोषासाठी टेस्ट. नाही सापडला, तर सगळ्यांनी ठराविक काळाने ईसीजी-इको करत राहायचं. ज्याच्यात दोष आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी.

आता खरा प्रश्न. पुढच्या महिन्यात काउन्सेलर मॅडमचं ग्रुप सेशन आहे. पाच-सहा कुटुंबांना आजार, टेस्ट, निकालाचे अर्थ एकत्रच समजावतात, मग प्रत्येक घराला वेगळी वेळ देतात. मला पटलं. काका मात्र अडून बसलेत. चुलत बहिणीला पिंपळगावचं स्थळ आलंय. काका म्हणतात, "तिथं आपल्याकडचा एक जण जरी भेटला, तरी संध्याकाळपर्यंत लासलगावच्या लिलावात बातमी." काकांनी स्वतःचा इकोसुद्धा केलेला नाही. आणि बहीण पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावते. मला झोप लागत नाही.

ग्रुपमध्ये नाव-गाव सांगावं लागतं का? कुणी जाऊन आलंय का?

प्रतिसाद १
आम्ही पुण्यात गेलो होतो, सासरी हाच आजार. नाव कुणी विचारलं नाही. वंशावळ, रिपोर्ट सगळं वेगळ्या खोलीत. एका ताईंनी ओढणी जरा बाजूला करून गळ्याच्या हाडाखालचा आयसीडीचा (ठोके बिघडले की हृदयाला शॉक देणारं, कातडीखाली बसवलेलं मशीन) उंचवटा दाखवला. मशीनचं नाव काढलं की उठून जाणारे आमचे सासरे तिथं पहिल्यांदा बोलले, "झोपताना टोचतं का हो?" डॉक्टरांना हे कधी विचारलं नसतं त्यांनी.
एक लक्षात ठेवा: रिपोर्टमध्ये दोष आहे किंवा नाही, याशिवाय 'अर्थ अनिश्चित' असंही येतं. त्यावरून कुणाचं काही ठरवू नका, लग्न तर नाहीच.

प्रतिसाद २
सेशनची वाट कशाला बघताय? काका आणि बहीण दोघांचाही ईसीजी-इको याच आठवड्यात करा, तोवर तिचं धावणं बंद. काकांना सांगा, हा आजार साधारण पाचशेत एकाला असतो, लिलावात उभ्या असलेल्यांतही कुणाला तरी असेल.
मेडिक्लेमची धास्ती असेल तर: २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयात याच आजाराच्या रुग्णाचं प्रकरण होतं. जनुकीय आजार म्हणून दावा नाकारणाऱ्या कंपनीच्या विरोधात निकाल गेला. पण फॉर्मवर आजार लपवू नका, तिथं मग कुणी वाचवत नाही.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. काकूंशी बोललो, काकांशी नाही. शनिवारी तिघंही इकोसाठी येतायत. गावात 'नाशिकला कपडे घ्यायला चाललो' असं सांगितलंय. ग्रुपचं मी अजून काढलेलं नाही.