घाटात ठकठक, सपाटीला गप्प

प्रश्न: माझी बाइक १५० सीसी, कार्बोरेटरवाली, ६२ हजार किमी झालेली. खंबाटकी चढताना चौथ्या गिअरला इंजिनातून ठकठक येते. तिसरा टाकला की बंद. मेकॅनिक म्हणतो कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) गेला, इंजिन खोलू. खोलू द्यायचं का?

– अहो, थांबा! न्यूट्रलला रेस देऊन सोडल्यावर येतो का आवाज?

– अजिबात नाही. ऑइलही पूर्ण आहे.

– मग रॉड वाटत नाही. त्याचा आवाज जड, धपधप असा. ही पिंगिंग असणार, म्हणजे ज्वाला पोहोचायच्या आधीच पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप पेटल्याची ठकठक. स्पार्क प्लग काढून बघा.

– पांढराफटक निघाला!

– म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी; त्यानेच पिंगिंग होते. कार्बोरेटर आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांना जोडणारा रबर दुमडून बघा, चीर असेल तर तिथून जादा हवा शिरते.

– खालच्या बाजूला नखाएवढी चीर होती. रबर बदलला, काल चौथ्यातच चढलो. मेकॅनिकला अजून सांगितलं नाहीये.